मोटारीला थंडी वाजते

उस्मानाबादेत पाणी आटतं, गढूळ होतं, उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी जाऊन बसतं आणि पोहरा सोडला तरी हाती लागत नाही. पण ते गोठलेलं मात्र आजवर कुणी पाहिलेलं नाही. आमच्या आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या हरणाबाई. त्यांनी पाहिलं नाही, त्यांच्या सासूनंही पाहिलं नव्हतं. अशा गावात पाणी गोठेल या भीतीनं मी एक अख्खा पौष महिना रक्त आटवलं. आणि आता आळी म्हणते, "मास्तरांनी आपल्या हातानं ओढवून घेतलं." आळीचं काय जातं बोलायला!

मोटार माझी होती असंही नाही. अर्धी होती. उरलेली अर्धी मुनवरमियाँची. मुनवरमियाँ तहसील कचेरीत पेशकार, आणि भिंतीला भिंत लावून आमचे शेजारी. लढाई संपल्यावर सोलापुरात लष्कराच्या जुन्या मोटारी निघाल्या, त्यातली एक त्यांच्या मनात भरली आणि एकट्याच्या खिशाला झेपेना म्हणून माझ्याही मनात भरवण्यात आली. चालवायची त्यांनी आणि ढकलायची मी, अशी सरळ भागीदारी होती. आळीनं बसून वाटणीही करून दिली होती. पुढचा भाग मियाँचा, मागचा माझा. त्यामुळं इंजिनाला काही झालं की मी "तुमच्यातलं" म्हणायचो आणि टप फाटला की ते "तुमच्यातला" म्हणायचे.

मी या भानगडीत पडलो त्याला कारण होतं. सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मी सायन्स शिकवत होतो, पण 'मुनसरिम' म्हणून. मुनसरिम म्हणजे हंगामी. उद्यापासून येऊ नका म्हटलं की छत्री उचलायची आणि घरी यायचं. कायम व्हायचं तर शाळा तपासायला येणाऱ्या मोहतमीम साहेबांची सही पाहिजे. आता हे साहेब दर वर्षी येडशीच्या ठेसनावर छोट्या रेल्वेतून उतरायचे आणि तिथून बैलगाडीत आपटत गावात यायचे. येईतोवर त्यांची हाडं इतकी खिळखिळी झालेली असत की कुणाला कायम करण्याची वासनाच त्यांच्यात उरत नसे. म्हणून यंदा मी हेडमास्तरांना छाती ठोकून सांगितलं, "साहेबांना आमची मोटार आणील." हेडमास्तरांनी तसं कळवूनही टाकलं. माझं कायम होणं आता चार चाकांवर होतं आणि त्यातली मागची दोनच माझी होती.

आणि नेमकी थंडी पडली. तशी ती दर पौषात पडते. पण यंदा बलभीम हवालदार लढाईवरून परत आला होता. तो इटलीत लष्करी गाड्यांवर होता. एका सकाळी तो आमच्या दारात आला, मोटारीच्या तोंडापाशी उभा राहिला आणि रेडिएटरवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पुढच्या पाण्याच्या टाकीवर, हात ठेवून वैद्यानं नाडी बघावी तसा डोळे मिटून राहिला.

"मास्तर, रातच्याला पाणी तसंच ठिवता व्हय हिच्यात?"

"ठेवतो. का?"

"फुटंल."

"काय फुटेल?"

"इंजान. इटलीत आमच्या डोळ्यांम्होरं फुटलं. रातीत पाण्याचा बर्फ झाला आन् सकाळी लोखंड उललं हुतं, शेंग उलती तसं."

मी त्याला शांतपणे समजावलं. पाणी गोठायला किती थंडी लागते, आपल्याकडं किती पडते, दोन्हींत अंतर किती. मुलांना समजावतो तसंच समजावलं. भोवती जमलेली आळी ऐकत होती. माझं संपल्यावर बलभीमनं एवढंच विचारलं, "तुमी गेल्ता का इटलीला?"

या प्रश्नाला सायन्समध्ये उत्तर नाही. मी तिथंच हरलो.

त्या दिवसापासून ती मोटार न राहता आळीतलं आजारी माणूस झाली. येणारा-जाणारा टाकीला हात लावून बघायचा आणि चुकचुकायचा. हरणाबाईंनी सुंठ-गुळाचा काढा सुचवला. तो इंजिनात ओतायचा की मला पाजायचा हे त्यांनी शेवटपर्यंत स्पष्ट केलं नाही. मियाँच्या घरातून हमिदाबी रोज संध्याकाळी ऊद घेऊन यायच्या आणि मोटारीभोवती धूर फिरवायच्या. कुणीतरी खाली शेगडी ठेवायला सांगितलं. पेट्रोलच्या टाकीखाली शेगडी! मी ओरडलो तर म्हणाले, मास्तर तापट आहेत. शेवटी असं ठरलं की रोज रात्री टाकीतलं पाणी काढून टाकायचं, तोंडावर वाकळ पांघरायची आणि सकाळी गरम पाणी भरायचं. वाकळ आमची. गरम पाणीही आमच्याच बंबातलं. म्हणजे सकाळी मोटारीची आंघोळ व्हायची आणि मी गार पाण्यानं दात वाजवत राम राम म्हणायचो.

"मोटारीला नाही थंडी वाजली तरी तुम्हाला वाजून तुम्ही आडवे व्हाल," आमची मंडळी म्हणाली. "आणि ती वाकळ माझ्या आईनं शिवलेली आहे. तिच्यावर तेलाचा डाग पडला तर मी बोलणार नाही, पण लक्षात ठेवीन."

बोलण्यापेक्षा तिचं लक्षात ठेवणं मला जास्त जड जातं. म्हणून बलभीमनं जेव्हा सांगितलं की साहेबलोक टाकीत एक औषध घालायचे, 'अँटिफ्रीझ' त्याचं नाव, ते घातलं की पाणी गोठत नाही, तेव्हा मीच मियाँना म्हणालो, चला सोलापूरला. मोटार थंडीत बाहेर काढायची नाही म्हणून मोटारीचं औषध आणायला आम्ही बसनं गेलो.

लष्करी भंगाराच्या दुकानात डबा मिळाला. लालसर, दाट, गोड वासाचं काहीतरी. वर कवटीचं चित्र. परत येताना हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. इंग्रजी मुलखातून निजामी मुलखात येणाऱ्या प्रत्येक चिजेची तिथं झडती व्हायची आणि जकात लागायची. आमची बस थांबली. शाकंभरीच्या नवरात्राला तुळजापूरला निघालेली माणसं खचाखच भरली होती. नाक्याचा दारोगा चाँदपाशा, त्यानं माझ्या मांडीवरचा डबा बरोबर हेरला.

"ये क्या है?"

"मोटारीचं औषध."

"दवा है तो हकीम की चिट्ठी होना."

"तसलं औषध नाही हो."

त्यानं बूच काढून वास घेतला. "मीठी बास आती. शराब है. आबकारीकू भेजना पडता."

"शराब नव्हे, विष आहे विष!" मी ओरडलो, कारण त्याचं बोट डब्याकडं निघालं होतं.

त्याचा जीव मी वाचवला, पण त्यामुळं माझंच काम वाढलं. विषाचं खातं वेगळं होतं आणि त्या खात्याचा माणूस लग्नाला मुरुमला गेला होता. चाँदपाशा खुर्चीत टेकला. "मास्तर, ये चीज करती क्या, वो बोलो."

"ही घातली की पाणी गोठत नाही."

"उस्मानाबादमें पानी गोठता?"

"नाही."

"और ये नै डाले तो?"

"तरी गोठत नाही."

चाँदपाशानं टाक खाली ठेवला. "मेरी उमर गई इस नाके पो. डाले तो भी वोइच, नै डाले तो भी वोइच, ऐसा माल मै आजतक नै देखा." आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला, ज्यानं माझं वाटोळं केलं. "अच्छा, और सर्दीमें ये खुदच गोठ गई तो?"

बसमधली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. आता मला खरं तर माहीत नव्हतं. पण तुळजापूरला निघालेल्या एवढ्या भक्तांसमोर सायन्सच्या मास्तरानं माहीत नाही म्हणावं, ते मला मरण वाटलं. मी ताठ बसलो. "शक्यच नाही. नावातच तसं आहे. जगबुडी आली तरी हे गोठायचं नाही."

"शर्त?"

"शर्त!"

मियाँनी माझ्या बरगडीत कोपर मारलं, पण उशीर झाला होता. चाँदपाशानं खूश होऊन 'शरबत, पीना मना' असं लिहून डबा सोडला आणि आपण स्वतः बघायला येऊ असं वचन दिलं. आम्ही घरी पोचायच्या आधी ती शर्त आळीत पोचली होती. कशी पोचली ते मला आजही समजलेलं नाही. बस तर एकच होती आणि तिच्यात आम्हीच होतो.

दुसऱ्या सकाळी दारात डबा ठेवून मी त्यावरची इंग्रजी सूचना मोठ्यानं वाचली आणि मराठीत सांगितली, "वापरण्यापूर्वी यात तेवढंच पाणी मिसळावं."

सगळे गार. हरणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "पाणी? इकत आणल्याल्या मालात पाणी? कंपनी गवळ्याची हाय का काय?"

आणि नेमका त्याच क्षणी आमचा गवळी धोंडीबा चरवी घेऊन दारात हजर. धोंडीबाच्या दुधातलं पाणी हा आमच्या घरातला जुना खटला. मंडळी रोज सकाळी माप हातात घेऊन त्याला विचारायची, "खरं सांग, पाणी किती घातलंस?" आणि तो रोज गळ्याला चिमटा घेऊन म्हणायचा, "वयनी, म्हशीची आन, थेंब न्हाय." आताही तो हरणाबाईंवर उसळला. "गवळ्याचं नाव कशापायी मधी? म्या पाणी घालतच न्हाय."

"अस्सल माल कू पानी लगाना?" मुनवरमियाँनी कानाला हात लावला. "तौबा! मास्तर, मेरे इंजिनमें मिलावट नै चलेगी."

मी म्हणालो, कंपनीनंच लिहिलंय. आळी म्हणाली, गवळी पण असंच म्हणंल. कंपनी शहाणी की आळी, असा प्रश्न पडला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी घालायचं नाही असं ठरलं. पण मग चाँदपाशाचा प्रश्न उरला. खोबरेल थंडीत थिजतं, तूप थिजतं, मग हे थिजणार नाही कशावरून? औषध टाकीत थिजलं तर? निकाल लागेपर्यंत औषध घालायचं नाही असंही ठरलं. बलभीम पाणी ठेवू देईना. परिणामी टाकी ठणठणीत कोरडी, मोटार वाकळ पांघरून दारात आणि साहेब परवावर येऊन ठेपलेले.

मग परीक्षा घ्यायचं मीच जाहीर केलं. सोलापुरातून बसवर बर्फाची लादी मागवली. भुशात गुंडाळलेली ती लादी नाक्यावर चाँदपाशानं तोलायला घेतली. वजन लिहीपर्यंत ती हलकी व्हायची, म्हणून खाडाखोड करून परत तोलायचा, की ती आणखी हलकी. शेवटी उरलेला तुकडा घेऊन तो स्वतःच बसमध्ये बसून आला. शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं. घमेल्यात बर्फ फोडला, त्यात घरचं खडेमीठ रिकामं केलं. मीठ घातलं की बर्फ आणखी गार होतो हे मी लोकांना उर्दूत, मराठीत आणि हातवारे करून समजावलं. लोक माना डोलावत होते. तेवढा अर्धा तास मी कायम झाल्यासारखा वाटत होतो. शाळेच्या काचेच्या नळीत अस्सल, एक थेंब पाणी नसलेलं औषध घातलं, नळी बर्फात खुपसली आणि आम्ही वाट बघत बसलो.

बऱ्याच वेळानं मी नळी वर काढून आडवी केली. औषध जागचं हललं नाही. हलवली, तरी हललं नाही. आत सगळं खोबरेलासारखं थिजून बसलं होतं.

"गोठ्या!" चाँदपाशानं टाळी दिली, कुणाच्या तरी हातावर.

गाव हसलं. माझे विद्यार्थीही हसले, ते मला जास्त लागलं. मला त्या घमेल्यात बसावंसं वाटलं. आणि तेवढ्यात फाटकातून एक बैलगाडी आत आली. गाडीत कुणीतरी शेरवानीवर मफलर, मफलरवर सतरंजी आणि सतरंजीवर कडब्याची पेंढी घेऊन बसलं होतं. सतरंजी बाजूला झाली. मोहतमीम साहेब! एक दिवस आधी येतो अशी त्यांनी तार केली होती. ती घेऊन आलेला माणूस पटांगणातच गर्दीत उभा राहून माझी फजिती बघत होता. साहेब येडशीला मोटारीची वाट बघत थांबले आणि शेवटी भल्या पहाटे बैलगाडीत बसले. मिशा थरथरत होत्या. त्या थंडीत उस्मानाबादेत औषधाखेरीज गोठलेली दुसरी गोष्ट म्हणजे ते.

मी धावत घरी जाऊन मोटारीवरची वाकळ आणली आणि साहेबांना पांघरली. चहा झाला. साहेबांनी सगळी हकीकत ऐकली, डबा मागवला आणि चष्मा लावून सूचना वाचली.

"इसमें तो पानी मिलाने को लिखा है. मिलाया?"

"नाही, हुजूर."

"क्यूँ?"

एवढ्या मोठ्या माणसाला मी काय सांगणार? "लोक गवळी म्हणतील म्हणून, हुजूर," मी म्हणालो. खोटं सुचलं नाही.

साहेबांनी पाणी मिसळून दुसरी नळी बर्फात ठेवायला लावली. आळीला हसू आवरेना. पाणी गोठतं, औषधही गोठलं, दोन आजारी एकमेकांच्या गळ्यात पडून पैलवान कसा होईल, असं हरणाबाईंनी बोलूनही दाखवलं. मलाही मनातून तसंच वाटत होतं. पण ही दुसरी नळी काढली, आडवी केली, तर आतलं औषध खळखळ हललं. परत बर्फात खुपसली, परत काढली. गोठायचं नाव नाही. पाणी घातलेलं पातळ आणि अस्सल थिजलेलं! मी नळी वर धरून उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा वाटलं की सायन्सही चमत्कार करतं.

तोच मागून धोंडीबाचा आवाज आला, "बगा! बगा! पाणी घातल्यानं माल सुधारतो. साहेबांनीच दाखवलं!"

साहेब हसले नाहीत. "मास्तर, तुमच्या मोटारीचं नाव ऐकत ऐकत मी बैलगाडीत आलो," ते उर्दूत म्हणाले. "उद्या तपासणी. परवा दुपारी येडशीहून माझी गाडी. परत बैलगाडीत मी बसणार नाही. तुमच्या मोटारीनं ती गाडी मला गाठून दिलीत, तर ठेसनावर तुमच्या कागदावर सही करतो. नाहीतर पुढच्या पौषात बघू."

म्हणजे माझं सगळं आयुष्य येडशीच्या रस्त्यावर आलं. टाकीत अर्धं औषध, अर्धं पाणी भरलं. निघायच्या सकाळी सगळी आळी निरोपाला जमली. गार वारा सुटला होता म्हणून बलभीमनं पुन्हा वाकळ मोटारीच्या तोंडावर चढवली आणि लष्करी गाठी मारून सुतळीनं आवळून बांधली. हमिदाबींनी ऊद फिरवला. मी मागच्या, माझ्या हिश्शात, कायमचा कागद खिशात घेऊन बसलो. साहेब पुढं. मोटार पहिल्याच झटक्याला सुरू झाली तेव्हा मला भरून आलं.

ऊन वर आलं तसा चढ लागला. मोटार आधी कण्हली, मग तिनं सुस्कारा टाकला, मग वाकळीच्या आतून वाफेचा लोट उठला आणि साहेबांचा चष्मा पांढरा झाला. टाकीचं टोपण उडून रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत गेलं. मोटार थांबली. पाणी उकळून, औषधासकट सगळं बाहेर आलं होतं. गोठू नये म्हणून ज्या इंजिनासाठी एवढा जिवाचा आटापिटा केला, ते उस्मानाबाद जिल्ह्यात, पौष महिन्यात, उकळलं होतं. बलभीमच्या गाठी सुटता सुटेनात. मी दातांनी सुतळी तोडायला लागलो.

मुनवरमियाँनी शांतपणे पान काढलं. "मास्तर, इंजिन मेरे हिस्से का, मगर वाकळ तुम्हारे हिस्से की है."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण वाकळ खरंच माझी होती. मी पाणी शोधायला पळालो. ओढा कोरडा. एक विहीर दिसली, तिला पोहरा नाही. परत आलो तर साहेब घड्याळ बघत होते.

आणि वळणावरून तट्टू आलं. पाठीवर दोन्ही बाजूंना चरव्या, मागं धोंडीबा. तो ठेसनावरच्या चहाच्या दुकानाला दूध घालायला निघाला होता.

"काय झालं, मास्तर? थंडी बाधली का इंजानाला?"

"पाणी आहे का तुझ्याकडं?"

"पाणी न्हाय. दूध हाय."

मियाँनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. मियाँनी मान हलवली. "दूध नक्को. गरम इंजिनमें फटता. नळीत साय बसती. इंजिन खलास."

ते खरं होतं. मीही मुलांना तेच शिकवलं असतं. लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली की मला तसा भास झाला, माहीत नाही. मी धोंडीबाला रस्त्याच्या कडेला ओढलं. माझ्या तोंडाला सुतळीचे धागे लागले होते, हात काळे झाले होते, आणि मी सायन्सचा मास्तर गवळ्यापुढं हात जोडून उभा होतो.

"धोंडीबा, माझं कायम होणं तुझ्या हातात आहे. आयुष्यात एकदा खरं सांग. यात दूध किती आहे?"

धोंडीबा आधी आभाळाकडं बघत राहिला. मग तट्टूकडं बघितलं. मग साहेबांकडं बघून आवाज खाली आणला.

"वयनीस्नी सांगणार न्हाय?"

"नाही."

"आन घ्या."

"घेतली. म्हशीची आन."

त्यानं लांब श्वास सोडला. "मग घाला बिनघोर. इंजानाला काय बी व्हायचं न्हाय."

आम्ही दोन्ही चरव्या रिकाम्या केल्या. इंजिन सुरू झालं, चढ चढलं, उतारावर धावलं. मी नाक लावून बसलो होतो. दूध उकळल्याचा वास यायला पाहिजे होता; नुसती वाफ आली. धोंडीबाचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता आणि एवढी मायाही कधी वाटली नव्हती. ठेसनात गाडी उभी होती. साहेबांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली, डब्यात चढले आणि खिडकीतून म्हणाले, "मास्तर, आपका गवाला ईमानदार आदमी है." ते खरंच म्हणाले की थट्टेनं, ते मी विचारलं नाही.

मी कायम झालो. गावात पेढे वाटले, धोंडीबानं खवा दिला. वाकळीवर औषधाचा जो लालसर डाग पडला तो आजही आहे आणि मंडळीच्या लक्षातही आहे. मोटार अजून दोन हिश्शांत आहे.

आणि रोज सकाळी धोंडीबा दारात येतो. रोज मंडळी माप हातात घेऊन दुधाची धार उजेडात धरते आणि मला हाक मारते, "अहो, तुम्ही आता कायमचे सायन्सचे मास्तर झालात ना? इकडं या आणि एकदा तोंड उघडून सांगा, यात पाणी आहे की नाही?"

धोंडीबा माझ्याकडं बघतो. मी आढ्याकडं बघतो.

"थंडीचे दिवस आहेत," मी म्हणतो, "दूध जरा पातळच येतं."

मी हे वैशाखातसुद्धा म्हणतो.